जिवाणूंचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नृसिंहवाडी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर या विषयासमोर माझे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. विषय जिवाणूंचा आणि वक्ता कापडाचा व्यापारी! माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे, आणि त्यालाही आता चाळीस वर्षे उलटून गेली. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला. तरीही विश्वस्तांकडे हा विषय मी स्वतः मागून घेतला. मला येथे एक चूक कबूल करावयाची आहे. ती चूक मी माझ्या दुकानाच्या गादीवर बसून, चारचौघांसमोर केली होती. तेव्हा तिची दुरुस्तीही चारचौघांसमोरच व्हावी, असे मनाने घेतले.

आमच्या घरची थोडी शेती आहे. ती आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते पाहत. मी दुकानात आणि ते रानात, अशी आयुष्यभराची वाटणी. २०१६ साली अण्णा गेले आणि शेतीची जबाबदारी माझ्यावर आली. अण्णांना एक सवय होती. खताचे पोते अर्धे झाले की ते गड्याला म्हणायचे, "बास, पुरे." मला ते कंजूषपणाचे वाटे. २०२० च्या सुरू लागणीला मी माझ्या पद्धतीने शेती करायचे ठरवले. कृषी सेवा केंद्रातून ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू खत आणले, सांगितल्याप्रमाणे उसाचे बेणे त्या द्रावणात अर्धा तास बुडवले आणि लागण केली. पण मन व्यापाऱ्याचे. जिवाणू काम करील न करील, आपली बाजू भक्कम असावी, म्हणून युरियाचा हातही सढळ सोडला. हिशेबाने एकरी पाच पोती पुरली असती, तेथे मी नऊ घातली.

ऊस हिरवागार, काळाभोर झाला. रस्त्याने जाणारा थांबून पाहत असे. पुढे पावसाळ्यात वाऱ्याची एक झोड आली आणि सगळा फड लोळला. लोळलेल्या उसात उंदीर शिरले, तोडणीला टोळी नाखूष, आणि काट्यावर वजन आले ते अण्णांच्या काळाहून कमी. खर्च मात्र सवाई. माझा राग निघाला तो त्या जिवाणूवर. दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला शेतकरी कुटुंबे येतात. चहा होतो, शेतीच्या गोष्टी निघतात. त्या वर्षभरात मी किती जणांना सांगितले असेल, "ते जिवाणू-बिवाणू सगळे थोतांड आहे, पैसे पाण्यात घालू नका." माझ्या शब्दाला गावात थोडी किंमत आहे. काहींनी माझे ऐकून जिवाणू खत बंद केले, हे मला नंतर कळले.

अण्णांची नात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. ती दिवाळीला आली असता माझे हे प्रवचन तिच्या कानावर गेले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आबा, युरिया किती घातला होता?" मी सांगितले. ती हसली. म्हणाली, "मग त्या बिचाऱ्याचा काय दोष? तुम्ही माणूस कामाला ठेवलात आणि त्याचं काम स्वतःच करून टाकलंत. तो गप्प बसणारच. आणि आबा, तो आळसाने नाही बसला. हिशेब करून बसला."

हिशेब या शब्दावर माझे कान टवकारले. एवढ्याशा जिवाला हिशेब कसला? त्या दिवाळीत आणि पुढे अनेक रविवारी तिने मला जे समजावून दिले, तेच आज मी माझ्या भाषेत, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत, आपल्यासमोर ठेवणार आहे.

प्रथम मूळ माल कोणता ते पाहू. आपले शरीर, उसाचे पान, डाळीचा दाणा आणि जिवाणू या सर्वांच्या कामाचा गाडा प्रथिनांवर चालतो. प्रथिन म्हणजे एक लांब माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. ती मुख्यत्वे वीस प्रकारची. या विसांपैकी नऊ माणसाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत, ती अन्नातून घ्यावी लागतात. म्हणून तर आपल्याकडे डाळ आणि भात एकत्र आले. तांदळात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात बऱ्यापैकी. पण आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा साधा जिवाणू, ज्याची लांबी मिलिमीटरचा पाचशेवा भाग आहे, तो थोडी साखर, थोडा अमोनिया आणि काही क्षार एवढ्या भांडवलावर वीसच्या वीस अमिनो आम्ले स्वतः तयार करतो.

आता आपण सर्व व्यापारी मंडळी जाणतो की, माल तयार करता येणे ही अर्धीच विद्या आहे. किती करावा आणि कधी थांबावे, ही उरलेली अर्धी. कोणत्या रंगाचा, कोणत्या पोताचा माल किती ठेवायचा, यातच दुकान तरते किंवा बुडते. जिवाणूचेही तसेच आहे. प्रत्येक अमिनो आम्ल घडवायला शक्ती खर्च होते. नको असलेला माल केला तर भांडवल अडकते, आणि शेजारचा काटकसरी जिवाणू त्याला मागे टाकून वाढतो. ई. कोलायला भरपूर अन्न मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. अशा शर्यतीत उधळ्याला जागा नाही.

हे जिवाणू थांबतात कसे, याचा पहिला स्पष्ट पुरावा १९५६ साली मिळाला. अमेरिकेतील एडविन अंबार्गर या शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, आयसोल्युसिन नावाचे अमिनो आम्ल पुरेसे साठले की ते स्वतःच आपल्या उत्पादन-साखळीतील पहिल्या विकराला थांबवते. विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, म्हणजेच कारागीर. पाच टेबलांवरून शर्ट शिवून पुढे जात असेल, आणि शेवटच्या टेबलावर ढीग झाला, तर शहाणा मालक पाचव्या टेबलावर नव्हे, पहिल्या टेबलावर काम थांबवतो. अर्धवट शिवलेला माल मध्ये पडून राहत नाही. जिवाणू नेमके तेच करतो.

परंतु खरी कारागिरी याहून पुढे आहे, आणि माझ्या उसाची गोष्ट तेथूनच सुरू होते. नत्र, म्हणजे नायट्रोजन, जिवाणूच्या पेशीत येतो तो मुख्यतः अमोनियाच्या रूपाने. तो प्रथम दोन अमिनो आम्लांत साठवला जातो, ग्लुटामेट आणि ग्लुटामीन. पुढे बाकीच्या अमिनो आम्लांना नत्र मिळतो तो यांच्याकडूनच. तेव्हा ही दोन म्हणजे पेशीची नत्राची तिजोरी. ग्लुटामेटला अमोनिया जोडून ग्लुटामीन करणारा जो विकर आहे, त्याचे नाव ग्लुटामीन सिंथेटेज. हा एकटा कारागीर नाही. बारा सारखे कारागीर, सहा-सहांच्या दोन कड्यांत, एकमेकांना टेकून बसलेले असतात. जणू बारा गाळ्यांची एक पेठच.

अमेरिकेतील अर्ल स्टॅडमन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात या पेठेचा अभ्यास करीत होते. त्यांना असे आढळले की, नत्र भरपूर झाला की या बारांपैकी एकेका गाळ्यावर एक लहानसा रासायनिक शिक्का बसतो. ज्यावर शिक्का, तो गाळा बंद. नत्र थोडा जास्त झाला तर दोन-तीन गाळे बंद, पुष्कळ झाला तर बाराही बंद. म्हणजे ही चालू-बंद अशी दिव्याची कळ नाही, कमी-जास्त करता येणारी पंख्याची कळ आहे. हा शिक्का लावणारा विकर वेगळा, आणि गंमत अशी की शिक्का काढणाराही तोच. मग त्याने शिक्का लावायचा की काढायचा, हे त्याला कोण सांगते? शोध घेता घेता शास्त्रज्ञांनी पेशीतील द्रव्ये वेगळी केली, तेव्हा हे काम दोन भागांत विभागलेले दिसले. पहिल्या भागात तो विकर होता. दुसऱ्या भागात एक लहानसे प्रथिन होते. दुसरा भाग म्हणून त्याला 'पी-टू' म्हटले गेले आणि तेच नाव कायम राहिले.

हा पी-टू म्हणजे पेशीच्या पेढीवरचा दिवाणजी आहे. तो स्वतः काही तयार करीत नाही. तो फक्त इतरांना जाऊन स्पर्श करतो, आणि ज्याला स्पर्श करतो त्याची वागणूक बदलते. पेशीत ग्लुटामीन कमी पडले की आणखी एक विकर पी-टूच्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवतो. ग्लुटामीन पुरेसे झाले की तोच विकर ती चिठ्ठी काढून घेतो. चिठ्ठी लावलेला पी-टू शिक्केवाल्याला भेटला की शिक्केवाला शिक्के काढू लागतो, गाळे उघडतात. चिठ्ठी नसलेला पी-टू भेटला की तो शिक्के मारू लागतो, गाळे बंद होतात. हे सर्व प्रथिनाने प्रथिनाला भेटून, हातात हात देऊन चालते. कोणी वरून हुकूम सोडत नाही.

दिवाणजीची नजर केवळ गोदामातील नत्रावर नसते. पेशीत कार्बनचा, म्हणजे कच्च्या सांगाड्याचा, साठा किती आहे हे सांगणारे एक आम्ल असते. ते आणि पेशीतील शक्तीचे चलनही पी-टूच्या अंगाशी येऊन बसते. म्हणजे माल किती, कच्चा माल किती आणि गल्ल्यात रोकड किती, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला ठाऊक असतात. आपल्यापैकी किती दुकानांत असा एक माणूस आहे, हे आपणच आपल्या मनाला विचारावे.

शिवाय हा दिवाणजी एकाच ठिकाणी जाऊन थांबत नाही. दुसऱ्या एका प्रथिनाला स्पर्श करून तो नवे ग्लुटामीन सिंथेटेज घडवण्याचे कामही थांबवतो. आहेत ते गाळे बंद, आणि नवे गाळे बांधणेही बंद. त्याचाच एक सख्खा भाऊ, याच कुळातील प्रथिन, पेशीच्या भिंतीवरील अमोनिया आत घेणाऱ्या दारात जाऊन अक्षरशः बुचासारखा बसतो. २००७ साली शास्त्रज्ञांनी या बुचाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहिली. दारात तीन नळ्या, आणि या प्रथिनाची तीन बोटे त्या तीन नळ्यांत बरोबर शिरलेली. पुन्हा नत्राची टंचाई झाली की चिठ्ठी लागते, बोटे निघतात, दार मोकळे होते. काही मोडावे लागत नाही, टाकावे लागत नाही.

कोणी म्हणेल, थोडे जास्त झाले तर बिघडले कुठे? याचेही उत्तर प्रयोगाने मिळाले आहे. साल्मोनेला नावाच्या जिवाणूच्या एका प्रकारात शिक्का मारणारा विकरच नव्हता. अशा जिवाणूला आधी नत्राच्या टंचाईत ठेवले आणि मग एकदम भरपूर अमोनिया दिला. टंचाईत उघडलेले सगळे गाळे तसेच धडाधड चालू राहिले. ग्लुटामीनचा ढीग लागला, आणि ते बनवण्यात ग्लुटामेटची तिजोरी रिकामी झाली. भरपूर अन्न समोर असताना त्या जिवाणूची वाढ खुंटली. हे ऐकले तेव्हा मला माझा काळाभोर, लोळलेला ऊस आठवला.

आणि दुसरी एक गोष्ट आठवली, ती याहून जुनी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला आलेला महापूर आपण कोणीच विसरणार नाही. माझ्या गोदामात तेव्हा नेहमीच्या दीडपट माल होता. कारण काय? दिवाळीची खरेदी मी माझ्या अंदाजाने केली होती, आणि तीच खरेदी चिरंजीवांनी त्यांच्या अंदाजाने केली होती. दोघांनीही एकमेकांना विचारले नव्हते. गोदामाची वही आणि खरेदीची वही एकमेकींशी बोलत नव्हत्या. पाणी कोणाच्या हातचे नव्हते. पण जितका माल भिजला, त्यातील निम्मा तेथे असण्याचे कारणच नव्हते. आमच्या पेढीत पी-टू नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आता उसाकडे वळतो. हवेत जवळजवळ ७८ टक्के नत्र आहे, पण तो कोणत्याही पिकाला थेट घेता येत नाही. काही मोजकेच जिवाणू हवेतील नत्राचा अमोनिया करू शकतात. हे काम फार महागडे. नत्राचा एक रेणू फोडायला पेशीच्या शक्तीच्या चलनातील किमान सोळा नाणी मोजावी लागतात. ब्राझीलमध्ये व्लादिमिर कावाल्कान्ते आणि जोहाना डोबेरायनर या शास्त्रज्ञांनी १९८८ साली उसाच्या आत राहणाऱ्या अशा एका जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. तोच आपला ॲसिटोबॅक्टर. शास्त्रात आता त्याचे नाव ग्लुकॉनॅसिटोबॅक्टर असे झाले आहे, शेतकऱ्यांत जुनेच नाव चालते. हा उसाच्या कांडीत, गोड रसात सुखाने राहतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे या जिवाणूची बेणेप्रक्रिया केली असता नत्र खताची मात्रा निम्म्याने कमी करता येते.

या वाक्याचा शेवटचा भाग मी ऐकलाच नव्हता. मला वाटले, जिवाणू हा खताच्या वरचा जोड आहे. खरे तर तो खताच्या जागी येणारा आहे. सोळा नाणी मोजून जो माल घरी करावा लागतो, तो दाराशी फुकट येऊन पडला, तर कोणता शहाणा कारखानदार भट्टी पेटवील? जमिनीतील ॲझोटोबॅक्टर या जिवाणूत ही भट्टी विझवण्याची रीत तर फारच स्पष्टपणे उलगडली आहे. त्याच्यात भट्टी पेटवण्याचा हुकूम देणारे एक प्रथिन असते आणि त्याला मिठी मारून अडवणारे दुसरे. नत्र भरपूर असेल तर आपला तोच दिवाणजी, म्हणजे पी-टूचा कुळबंधू, अडवणाऱ्याला जाऊन भेटतो. मग अडवणारा हुकूम देणाऱ्याला धरून ठेवतो आणि भट्टी पेटत नाही. टंचाई झाली की मिठी सुटते आणि भट्टी पेटते. उसातल्या जिवाणूचे तपशील थोडे निराळे आहेत, पण पी-टू कुळातील प्रथिने त्याच्यातही आढळली आहेत. शिवाय मेक्सिकोतील शास्त्रज्ञांनी १९९९ साली असे दाखवून दिले की, नत्र खताचा मारा जास्त असेल तर उसात या जिवाणूची वस्तीच कमी होते.

म्हणजे मी काय केले, ते पाहा. बेण्याबरोबर कारागीर घरात आणले. मग दारात युरियाची नऊ पोती ओतून त्यांना न बोलता सांगितले की, तुमची गरज नाही. त्यांनी ते समजून घेतले. आणि वर्षभर मीच गावभर सांगत फिरलो की, ते कामचोर आहेत.

हिशेब मांडायची सवय असल्यामुळे मी तोही मांडला. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात ४६ टक्के नत्र. सगळा नत्र युरियातूनच धरला तर हेक्टरी सुमारे ५४३ किलो, म्हणजे एकरी २२० किलोच्या आसपास, म्हणजेच ४५ किलोची जेमतेम पाच पोती. जिवाणूची जोड दिली तर त्याच्या निम्मी, अडीच. मी नऊ घातली होती. साडेसहा पोत्यांचा हा फरक केवळ माझ्या खिशातून गेला असता, तर मी गप्प बसलो असतो. पण पिकाने न घेतलेला नत्र काही हवेत जातो, काही झिरपून विहिरीत आणि नदीत जातो. आपल्या शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेल्या जमिनी आपण रोज पाहतो. त्यांचे मुख्य कारण अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव हे आहे, सगळा दोष खताला देता येणार नाही. तथापि मुळाशी सवय एकच आहे. जास्त म्हणजे चांगले, या समजुतीची.

माणूस मात्र या थांबण्याच्या विद्येचा उलटा उपयोगही करतो, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. चायनीजच्या गाड्यावर जो अजिनोमोटो वापरतात, तो म्हणजे आपण मघाशी पाहिलेल्या ग्लुटामेटचेच मीठ. १९५० च्या दशकात जपानमध्ये ग्लुटामेट बाहेर टाकणारा एक जिवाणू सापडला. आज जगात हा पदार्थ अशाच जिवाणूंकडून, अनेक ठिकाणी उसाच्या मळीवर वाढवून, लाखो टनांनी तयार होतो. एरवी हा जिवाणू जरुरीपुरतेच ग्लुटामेट करतो. पण त्याला बायोटिन नावाचे जीवनसत्त्व तुटपुंजे दिले की त्याच्या पेशीतील एक लहान प्रथिन दुसऱ्या एका मोठ्या विकराला जाऊन बिलगते, नेहमीचा रस्ता अडतो आणि माल ग्लुटामेटच्या वाटेला वळतो. लायसिन करणाऱ्या जिवाणूंमध्ये तर 'पुरे' हा संदेश ऐकूच न येणारे वाण निवडून काढले आहेत. उद्योगाला त्याची गरज आहे, आणि कोंबडीखाद्यापासून औषधापर्यंत त्याचे उपयोगही आहेत. परंतु असा जिवाणू कारखान्याच्या टाकीतच टिकतो. मोकळ्या मातीत, शेजाऱ्यांच्या स्पर्धेत, तो फार काळ तग धरीत नाही.

२०२२ च्या लागणीला मी शेताचे दोन भाग केले. दोन्हींकडे बेणेप्रक्रिया केली. एकात खताची पूर्ण मात्रा, दुसऱ्यात नत्राची निम्मी. अण्णांच्या नातीने वही घालून दिली होती, त्यात सगळे लिहीत गेलो. काट्यावर दोन्ही भागांच्या उसात सांगण्यासारखा फरक पडला नाही. खर्चात पडला. एका शेतातल्या एका हंगामाचा हा अनुभव आहे, याला सिद्धांत म्हणू नये, हे तिने मला बजावून सांगितले आहे आणि ते मी आपल्यालाही सांगतो. जमीन बदलली की हिशेब बदलतो. म्हणून आधी मातीची तपासणी करावी, ताजे जिवाणू खत घ्यावे, ते उन्हात ठेवू नये, आणि मात्रा सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून ठरवावी. माझ्यासारखे गादीवर बसून बोलणाऱ्याचे ऐकून ठरवू नये. त्यात मी आजचाही आलो.

आपल्या समाजाला डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची कल्पना नवी नाही. सूक्ष्म जीवांचा विचार करून पाणी गाळून पिणाऱ्या घरांत आपण वाढलो. आजचे विज्ञान आपल्या ग्रंथांत आधीच लिहिलेले होते, असा दावा करण्यासाठी मी हे म्हणत नाही. तो माझा अधिकार नाही. इतकेच म्हणतो की, ज्या जीवांना त्रास होऊ नये म्हणून आपण जपत आलो, त्यांच्याकडून काही शिकताही येते, हे मला साठी उलटल्यावर कळले. आपल्याकडे परिग्रहाला परिमाण घालून घेण्याचे व्रत आहे. जिवाणू व्रत घेत नाही, त्याला पुण्याची अपेक्षा नाही. त्याच्या पेशीत एक प्रथिन दुसऱ्याला वेळेवर जाऊन सांगते की पुरे, आणि दुसरे ते ऐकते. आमच्या घरात सांगणारे अण्णा होते. ऐकणारा मी नव्हतो.

ज्यांनी माझ्या दुकानात बसून माझे ते बोलणे ऐकले आणि त्यावर विसंबून जिवाणू खत सोडले, त्यांची मी आज हात जोडून क्षमा मागतो. त्यातील काही जण समोर बसलेले मला दिसत आहेत. आपण उद्या दुकानात यावे. कापड घेतलेच पाहिजे असे नाही. ती वही मी गादीशेजारी ठेवली आहे, ती पाहावी, आपला हिशेब मांडावा आणि माझ्या हिशेबात चूक दिसली तर ती मला दाखवावी.